तलावात पाणी किती?

सोलापूर,
२२ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारच्या फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंबर तलावात पाणी किती? माझं उत्तरही ठरलेलं, ‘आहे की बऱ्यापैकी.’ मग ‘काय विशेष?’, ‘काही नाही, नेहमीचंच.’ पुढं दोन्हीकडं सगळं गप्प, आणि मागून आईचा आवाज, ‘जेवली का विचारा तिला.’ म्हणून आज पाण्याचं उत्तर लिहून पाठवते.

पाणी उतरे
काठामागे बगळा
चार पावलं

परवा ऑफिसातून येताना विजापूर रोडला मुद्दाम थांबून पाहिलं. मागं तो ज्या जागी उभा असायचा तिथं आता चिखल वाळून भेगा पडल्यात, आणि बगळा पाण्याबरोबर आत सरकलाय. पावलं बगळ्याची आहेत, त्यामुळं फार आटलंय असं समजू नका.

तर मी हल्ली हे असलं लिहिते. गेल्या पावसाळ्यापासून, हिशेबाच्या डायरीच्या मागच्या पानांवर. दादाला सांगू नका, तो सगळ्या ग्रुपवर टाकेल.

याला हायकू म्हणतात, मूळचा जपानी. मराठीत तो रुजवला शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांच्या कन्या, म्हणजे बाबांना नाव ओळखीचं असणार. तीन ओळी, पहिलीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. जोडाक्षर एकच धरायचं. बाबा, आयुष्यभर तुम्ही मिलच्या वह्यांचे ताळे जुळवलेत, तुम्हाला हे मोजणं आवडेल. मात्र अक्षरांचा ताळा जुळला म्हणजे हायकू झाला असं नाही. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येतो तो सुविचार तीन ठिकाणी तोडला तरी सुविचारच राहतो. जपानी कवी बाशोचा (१६४४–१६९४) सगळ्यांत गाजलेला हायकू घ्या: जुनं तळं, बेडकानं उडी मारली, पाण्याचा आवाज झाला. संपलं. ‘यात काय मोठं?’ असं तुम्ही म्हणणार, आणि मीही आधी तेच म्हटलं होतं. पण त्यात कवी कुठंच मध्ये येत नाही, आपल्याला कसं वाटलं ते सांगत बसत नाही. ते जमवायला फार त्रास होतो हो.

एक उदाहरण देते. दुपारी वीज गेली की आपल्या गल्लीतली खटखट एकदम बंद होते, ते तुम्हाला सांगायला नको. पूर्व भागात वाढलेल्या माणसाला यंत्रमागांचा आवाज ऐकूच येत नाही, तो थांबला की मात्र येतो. त्या दिवशी मी जिन्यात उभी होते. लिहिलं:

वीज गेलेली
थांबले माग सारे
बोले चिमणी

दोन दिवस ते तसंच राहिलं. मग वाटलं, ‘बोले’ कशाला? माग थांबल्यावर चिमणी आहे म्हटलं की ती बोलतेय हे वाचणाऱ्याला ऐकू येईलच. शेवटची ओळ ‘एक चिमणी’ केली. पाचच अक्षरं, पण जिना पुन्हा शांत झाला. एवढ्याशा बदलासाठी दोन दिवस मी जिन्यातून जाताना थांबत होते, आणि वीज असतानाही ती चिमणी मीटरच्या पेटीवर घरटं करतेय हे तेव्हा दिसलं. इतकी वर्षं त्याच जिन्यानं वरखाली करते मी.

गड्ड्याला, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, यंदा तुम्ही नव्हता. भोगीच्या दिवशी सातही नंदीध्वज संमती कट्ट्यावर आले, अक्षता पडल्या, सगळं रीतसर झालं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच. त्यावर मला एक ओळही सुचली नाही. एवढी गर्दी, एवढं तेज, की डोळे कुठं ठेवावेत कळेना. नंतर पाळणे उतरवून ट्रक गेले तेव्हा सुचलं:

यात्रा उठली
होम मैदानावर
फुटका फुगा

आई, तू म्हणशील, ‘मला कुठं कविता येते?’ जात्यावरच्या ओव्या तुला किती पाठ आहेत ते मला माहीत आहे. शिवाय तुझं माहेर कानडी मुलखातलं, सिद्धरामेश्वरांची वचनं तू लहानपणापासून ऐकलीस. गावाचं दैवत आणि स्वतः कवी! बाराव्या शतकातली ती छोटी छोटी कानडी वचनं, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुना’ अशी हाक. हायकूशी त्यांचं नातं मी लावत नाही. वचन देवाशी बोलतं, हायकू कुणाशीच बोलत नाही. पण थोडक्यात म्हणायची सवय तुझ्या कानाला आमच्यापेक्षा जुनी आहे एवढं खरं. हात थरथरतो म्हणून लिहायचं टाळू नकोस. तू सांग, छकुलीला लिहू दे. तेवढंच तिचं मराठी अक्षर सुधारेल.

आणि बाबा, तुम्हाला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. मासाओका शिकी (१८६७–१९०२), हाही जपानी हायकूवालाच. मणक्याच्या क्षयानं आयुष्याची शेवटची वर्षं त्यानं अंथरुणातच काढली. अंथरुणातून बागेचा जेवढा तुकडा दिसेल तेवढ्यावर लिहीत राहिला. त्याचा एक हायकू आहे, बाहेर बर्फ पडतंय आणि तो पुन्हा पुन्हा विचारतोय, किती साचलं? उठून बघता येत नाही, म्हणून विचारतोय. बस, एवढंच. वाचलं आणि मला तुमचा रविवारचा फोन ऐकू आला.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही चौथ्या मजल्यावरून खाली उतरत नाही, असं वहिनी सांगत होती. दिवसभर मोबाईल नाहीतर टीव्ही. ‘पुण्यात बघण्यासारखं काय आहे?’ हे तुमचं वाक्यही तिनं सांगितलं. मला पुण्याचं काही नको. बाल्कनीतून जेवढं दिसतं तेवढं पाठवा. समोरच्या इमारतीत कोण कपडे वाळत घालतं, कोणते कधीच आत नेत नाही, वॉचमनचा रेडिओ, कबुतरं. दिवसातून एकदा, एकच गोष्ट. ‘जणू’ हा शब्द वापरायचा नाही आणि म्हातारपणावर काही लिहायचं नाही. सुचलं नाही तर पान कोरं सोडा, माझी कितीतरी कोरी आहेत.

इथं ऊन चढायला लागलंय. रांजण काल बाहेर काढून धुतला, आणि आज सकाळी लगेच

रांजणाखाली
ओलसर वर्तुळ
मुंग्यांची रांग

त्यावर अजून समाधान नाही. ‘ओलसर’ बरोबर आहे का, आई, तू सांग. तुझ्या वेळी रांजणाखाली वाळू असायची, आता फरशी आहे, त्यामुळं मला खात्री वाटत नाही.

शेजारच्या काकू गुरुवारी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर शेंगांची चटणी आणि कडक भाकरी देते. भाकरी दादानं एकट्यानं संपवू नये. फिजिओथेरपीवाला येईल तेव्हा झोपेचं सोंग घेऊ नका, बाबा. रविवारी फोन मी करीन, आणि आधी तुमच्या तीन ओळी वाचून दाखवायच्या. अक्षरं मोजून ठेवा, मी इकडं बोटांवर तपासणार आहे.

तुमची,
धाकटी