ऑडिट हवंय की नुसती सही?

संपादक महोदय,
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, सोसायट्यांच्या बिल्डिंगची स्ट्रक्चरल ऑडिटं, म्हणजे मजबुतीची तपासणी, करतो. मॉडेल बायलॉजप्रमाणे (हाउसिंग सोसायट्यांचे आदर्श उपविधी) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट करावं लागतं, पण कमिटीला सगळ्यात स्वस्त कोटेशन हवं असतं, त्यात कोअर टेस्ट (काँक्रीटचा नमुना कापून त्याची ताकद तपासणं) बसत नाही, मग म्हणतात हातोडीने ठोकून बघा ना. परवा स्टिल्टमधल्या (तळाच्या पार्किंगमधल्या) एका कॉलमचं प्लास्टर काढलं तर सळई गंजून फुगलेली, सळयांभोवतीच्या रिंगा हाताने तुटत होत्या, आणि वरून दिवाळीचा ताजा रंग! सेक्रेटरी म्हणतात, साहेब सी-१ (म्हणजे राहायला धोकादायक, पाडण्याजोगी बिल्डिंग) तेवढं लिहू नका, लोक घाबरतील. अहो, घाबरायलाच पाहिजे! निदान रिपोर्टातले फोटो आणि टेस्टचे आकडे नोटीस बोर्डावर लावायची सक्ती करा, सभासदांना बघू देत.
– एक इंजिनिअर, ठाणे