बाबांच्या समुपदेशनाबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पहाटे तीनला जाग येते ती येतेच आणि भजनालाही जावंसं वाटत नाही, हे तुम्ही फोनवर मोकळेपणी सांगितलंत, फार बरं केलंत. समुपदेशनाला तुम्ही तयार आहात, म्हणून सगळं नीट लिहिते.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच गळून जातो. ते तसंच राहिलं तर नुसतं बोलून फरक पडत नाही. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका.

आता जायचं कोणाकडे? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेले डॉक्टर. औषधं ते देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, नंबर बेलाशक विचारा. समुपदेशकाची पाटी मात्र छोटासा कोर्स करूनही लावलेली दिसते, म्हणून मानसशास्त्रात एमए आहे का आणि ज्येष्ठांबरोबर किती काम केलंय, हे फोनवरच विचारायचं. फी, सत्राची वेळ आणि ऐनवेळी रद्द केलं तर काय, हेही तेव्हाच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे खर्च अगदी कमी येतो; गर्दी असते, एवढंच. आपल्या ओळखीतल्या, नात्यातल्या कोणाकडे मात्र नको. समोरचा माणूस उद्या लग्नात भेटणार असेल तर जीभ रेटत नाही.

सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. पहिल्या वेळी बहुतेक प्रश्नच विचारतात: झोप, भूक, जुने आजार, घरात कोणाला असा त्रास होता का. ‘नुसतं विचारत बसले, सांगितलं काहीच नाही’ म्हणून पुष्कळ लोक तिथेच सोडतात. ती चौकशी म्हणजेच उपचाराची सुरुवात आहे.

आई, तू बरोबर जा, पण आत बाबांना एकट्यांना बसू दे. तू काळजीपोटी त्यांच्या वतीने उत्तरं देशील आणि त्यांचं मनातलं मनातच राहील. तुला दिसलेलं आधी कागदावर लिहून दे. बाहेर आल्यावर ‘काय बोललात?’ असंही विचारू नकोस. बाबांचं बोलणं गोपनीय राहावं हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल, अशा मोजक्याच बाबतींत अपवाद.

तीन-चार सत्रं द्या, मग ठरवा. रडू आलं किंवा थकवा आला म्हणून समुपदेशक चुकीचा ठरत नाही. पण जो उपदेशच करत राहतो, तुमच्या वेळेत स्वतःचा फोन घेतो, मनोविकारतज्ज्ञाने दिलेली गोळी परस्पर बंद करायला सांगतो किंवा दहा सत्रांचे पैसे आधीच मागतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. तसं काही नसूनही सूर जुळला नाही, तर सरळ सांगा, ‘मला इथे मोकळं बोलता येत नाही, दुसरं कोणी सुचवाल का?’ बाबा, तुम्हाला भीड वाटेल, पण हे त्यांना नवीन नसतं आणि चांगला माणूस स्वतःहून नाव देतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, की तुम्ही संकोचापायी पटत नसलेल्या माणसाकडे जात राहाल, किंवा एकावरून सगळेच तसे समजून घरी बसाल.

औषध दिलंच, तर नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकते, म्हणून लोक नेमकी तेव्हाच गोळी सोडतात. तसं करू नका, आणि बरं वाटल्यावर एकदम थांबवूही नका. या वयात काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर. गोंधळल्यासारखं झालं, तोल गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

जगणंच नको वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. आईला उठवा, मला फोन करा, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच साठवा.

रिपोर्ट आले की फोटो पाठवा. अपॉइंटमेंट मी घेते. सकाळची हवी की संध्याकाळची, तेवढं कळवा.

तुमची,
छोटी