गव्हाणी रिकामीच ठेव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. नाताळच्या गव्हाणीत, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, ठेवायला कोरलेल्या लाकडी गाढवाचा कान तुटला, मित्र म्हणतो बायबलात गाढवच नाही, आणि तुला तर विश्वास उरलाय का तेच कळत नाही, असं सगळं त्यात. फोनवर उत्तर द्यायला घेतलं की मी भरकटते आणि तू नुसता ‘हं, हं’ करतोस, म्हणून लिहूनच पाठवते आहे. बाबांना वाचून दाखवत होते, तर निम्म्यातच म्हणाले, “विश्वासाचं मागाहून बघू, गाढवाचं काय म्हणतोय ते सांग.” तेव्हा आधी गाढव.

तुझ्या मित्राचं म्हणणं खरं आहे. शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्रातल्या, जन्मकथेत बैल नाही आणि गाढवही नाही. ते लिहिणाऱ्यांपैकी लूक एवढंच सांगतो की उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळ येशूला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. दुसरा लेखक मत्तय तर गव्हाणीचं नावही काढत नाही. त्याच्या कथेतले, पूर्वेकडून बाळाला बघायला आलेले ज्ञानी लोक सरळ घरात शिरतात, आणि ते तिघे होते असंही तो कुठे लिहीत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून आपण माणसंही तीनच धरली. बैल-गाढव आले ते यशया या जुन्या संदेष्ट्याच्या पुस्तकातून. अगदी पहिल्या अध्यायात देव वैतागून म्हणतो की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाणी कळते, माझ्या लोकांना तेवढंही कळत नाही. जुन्या ख्रिस्ती लोकांनी ते वाचलं आणि या दोघांना आणून बाळाशेजारी उभं केलं. चौथ्या शतकातल्या काही दगडी शवपेट्यांवर कोरलेल्या जन्मदृश्यात मरिया-योसेफ, म्हणजे बाळाचे आईबाप, नाहीत, पण बैल आणि गाढव आहेत! पुढे १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गवत भरलेली गव्हाणी मांडली, तेव्हा त्यानेही खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं होतं. एवढी जुनी मंडळी केवळ पुस्तकात सापडत नाहीत म्हणून मी तरी घराबाहेर काढणार नाही. मित्राला म्हणावं, तू जिंकलास, पण गाढव राहील.

राहिला तुझ्या गाढवाचा तुटका कान. बाबा म्हणतात, दोष तुझ्या हाताचा नाही, लाकूड आडवं धरलंस त्याचा आहे. लाकडाची रेषा ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने कोरायच्या वस्तूचे बारीक भाग यायला हवेत. गाढवाचे पाय उभे, कान उभे, मग ठोकळ्याची रेषाही उभी हवी. ती आडवी गेली की कान म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्याच होतात, आणि पॉलिश पेपर लागला की पटकन सुटतात. पाठ लांब आहे म्हणून आपण साहजिकच ठोकळा लांबीत घेतो आणि तिथेच फसतो. पुढच्या वेळी ठोकळ्याच्या दोन बाजूंवर पेन्सिलीने आकार काढ, एकीकडे बाजूने दिसणारा, दुसरीकडे समोरून दिसणारा. आधी करवतीने जाडजूड भाग उडव, मगच चाकू घे. चारही पाय सुटे करायच्या भानगडीत पडू नकोस. पुढचे दोन एकत्र, मागचे दोन एकत्र, मध्ये नुसती खाच. उजेड खालून आला की पाय वेगळे वाटतात. आणि चाकूसमोर अंगठा येऊ देऊ नकोस. हे शेवटचं वाक्य बाबांनी मला दोनदा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहिते.

आता तुझा खरा प्रश्न. तू लिहितोस, “विश्वास उरलाय की नाही तेच कळत नाही, अशा वेळी खोलीत गव्हाणी मांडणं म्हणजे ढोंग वाटतं.” यावर मी तुला पटवायला बसणार नाही. पटवून येणारी ही गोष्टच नव्हे. एवढंच सांगते की मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आजारी मुलाला येशूकडे घेऊन येतो आणि एकाच दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाला मदत करा. त्याला कुणी आधी काय ते एक ठरवून ये, असं सांगितलं नाही. मुलगा बरा झाला. जन्माची बातमी ऐकून निघालेल्या मेंढपाळांनाही कुणी काही कबूल करायला लावलं नव्हतं. ते बघायला गेले आणि बघून आले. तूही मांडून बघ. तुला जे वाटत नाही ते वाटल्याचं दाखवलंस तर ते ढोंग. खोका कापून, कागद चिकटवून गोठा करण्यात कसलं आलंय ढोंग? ते तर हातकाम आहे.

मात्र मांडायचीच असेल तर माझी एक अट आहे, एका दिवसात सगळी उरकून टाकायची नाही. डिसेंबर उजाडला की सगळीकडे झगमगाट, आणि २६ तारखेला सगळं गुंडाळून माळ्यावर, हे मला मुळीच आवडत नाही. सणाचा अर्धा जीव वाट बघण्यात असतो, तोच आपण कापून टाकतो. आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघण्याचे दिवस, चार रविवारांचा आहे, तो तसाच जाऊ दे. पहिल्या आठवड्यात रिकामा गोठा. पुढे बैल, गाढव, एखादं मेंढरू. मग मरिया आणि योसेफ, तेही गोठ्यात नको, टेबलाच्या कडेला, वाटेवर. गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेव. येणाऱ्या-जाणाऱ्याने ‘बाळ हरवलं का’ असं विचारलं तर विचारू दे. आणि ज्ञानी लोक अगदी दूर, पुस्तकांच्या फळीवर किंवा खिडकीत. रोज थोडे पुढे सरकव. त्यांचा दिवस ६ जानेवारी, काही ठिकाणी तो जवळच्या रविवारी घेतात. सगळ्यांचं दर्शन आटोपल्यावर पोहोचतात, वरातीमागून उंट. लहानपणी तू त्यांना एका रात्रीत गोठ्याशी नेऊन ठेवायचास आणि बाबा गुपचूप परत फळीवर चढवायचे, आठवतंय?

आगमनकाळातल्या मेणबत्त्यांच्या चक्राचं विचारलं होतंस. ते फार प्राचीन वगैरे नाही. हांबुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचा पाद्री अनाथ मुलांसाठी घर चालवायचा. पोरं रोज ‘नाताळ कधी’ म्हणून त्याच्या मागे लागायची. १८३९ साली त्याने गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या वारांसाठी लहान लाल. रोज एक लावायची. पोरांचा प्रश्न मिटला, वर मोजणीचा सरावही झाला. आपल्या चर्चमध्ये चारच उरल्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. तुमच्या खोलीत ज्योत पेटवायची परवानगी नसेल तर बॅटरीवरचे चार दिवे चालतील. असेल तरी कागदी गोठ्याजवळ मेणबत्ती नको, आणि ती पेटती सोडून आंघोळीला जाणं तर मुळीच नको.

तुझा दुसरा सोबती, जो ७ जानेवारीला नाताळ करतो, त्याची तुम्ही उगाच थट्टा करता असं दिसतंय. त्याची तारीखही २५ डिसेंबरच आहे, फक्त त्याच्या चर्चचं कॅलेंडर जुनं आहे, ज्युलियस सीझरच्या काळचं. त्यातलं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण शतकानुशतकं साचत गेली. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी सुधारणा केली तेव्हा दहा दिवस गाळावे लागले, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. आज ते अंतर तेरा दिवसांचं आहे आणि २१०० सालच्या मार्चपासून चौदा होईल. तेव्हा त्याला उशीर झाला म्हणण्याआधी जरा थांब. शिवाय २८ नोव्हेंबरपासून त्यांचा चाळीस दिवसांचा उपास सुरू झालेला असतो, त्यात मांस नाही आणि दूधदुभतंही नाही. तुम्ही २५ ला खाऊन-पिऊन सुस्तावलेले असाल तेव्हा त्याचा उपास चालूच असेल. त्याच्यासमोर ताटं नाचवू नका.

पण यातली गंमत तुझ्या लक्षात आली का? ६ जानेवारीला आपले ज्ञानी लोक गव्हाणीशी पोहोचतात, आणि त्याच दिवशी त्याची नाताळची पूर्वसंध्या असते. म्हणजे तू गव्हाणी ७ तारखेपर्यंत ठेवलीस तर एकाच गोठ्यात दोघांचा सण होतो. तू बाळ २४ डिसेंबरच्या रात्री ठेवलेलं असेल, हवं तर ६ जानेवारीच्या रात्रीपुरतं उचलून त्या सोबत्याच्या हातात दे, त्याला ठेवू दे. धर्मशास्त्रात हे बसतं का ते फादरांना विचारायला मी गेलेले नाही, आणि जाणारही नाही.

सकाळच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जाग येत नाही, याला तू अंधाराचं कारण दिलंस. बाबांनी तुझी बाजू घेतली, म्हणून सांगते. २१-२२ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस असतो हे खरं, पण सगळ्यात उशिरा होणारा सूर्योदय त्या दिवशी नसतो. तो त्यानंतर येतो, आणि सगळ्यात लवकर होणारा सूर्यास्त त्याआधीच होऊन गेलेला असतो. पृथ्वीचा आस कललेला, तिची कक्षा लंबवर्तुळाकार, आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असल्याने जरा वेगात पळते, त्यामुळे घड्याळ आणि सूर्य यांचं जमत नाही. दिवस मोठा होऊ लागला तरी तो आधी संध्याकाळच्या टोकाने वाढतो. म्हणजे तुझी सबब नव्या वर्षातही काही दिवस चालेल. नाहीतर संध्याकाळच्या मिस्साला जा, तिथे कुणी हजेरी घेत नाही.

सुट्टीचं काय करू, मोबाईल बघून डोकं उठतं, असं लिहिलंस. गिटार काढ ना! कपाटावर धूळ खात असेल. ती ‘शांत रात्री’ची कॅरोल गिटारवर म्हणण्यासाठीच बसवली होती, हे तुला ठाऊक नसेल. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने शब्द लिहिले, फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराने चाल लावली, आणि १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या लहानशा चर्चमध्ये दोघांनी ती गिटारवर म्हटली. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, ही सगळे सांगतात ती कथा मात्र मागाहून जोडलेली आहे. तीन सोप्या कॉर्डमध्ये ती बसते. सावकाश म्हण, ते अंगाईगीत आहे. हल्ली सगळे ती इतकी ताणून, हुंदके देत म्हणतात की बाळ जागं व्हावं. आत्ता सराव कर, पण बाळ गव्हाणीत ठेवल्यावर म्हण. आगमनकाळात मिस्सामध्येसुद्धा, ८ डिसेंबरसारखा सण सोडला तर, देवदूतांचं गौरवगीत म्हणत नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री ऐकू येतं. म्हणून तर ते अंगावर येतं.

आमचं इथलं नेहमीचंच. बाबा जेवण झालं की वर्तमानपत्र पसरून कोरत बसतात आणि तासाभराने वर्तमानपत्राखेरीज सगळीकडे भुसा असतो. यंदा मेंढपाळाला कुत्रा हवाय म्हणे. तो कुठल्या अध्यायात आहे ते मी विचारलं, तर म्हणाले, मेंढरं असतील तिथे कुत्रा असणारच. माझं विणकाम सुरू आहे. विणता विणता जपमाळ म्हणावी असं फार मनात होतं, पण जमत नाही, दोन्हीकडे मोजावं लागतं. एकतर ‘प्रणाम मरिया’ ही प्रार्थना एखादी जास्त होते किंवा उलट टाक्याच्या जागी सुलट येतो. आता आधी माळ, मग सुया.

तुझ्या स्वेटरचा नमुन्याचा चौकोन विणून झाला. या लोकरीचे दहा सेंटिमीटरला बावीस टाके बसतात. तुझी छाती ९० धरली तर सैलपणाला दहा मिळवून १००, म्हणजे २२० टाके घालायचे. दोन सुलट दोन उलट अशी खालची पट्टी त्यात बरोबर बसते, एकही टाका उरत नाही. पण दहा सेंटिमीटरमागे एक टाका जरी कमी भरला तरी अख्खा स्वेटर जवळपास पाच सेंटिमीटर सैल होतो, म्हणून मला अंदाजपंचे माप नको आहे. काखेखालून टेप फिरव, श्वास रोखू नकोस, पोट आत ओढू नकोस. बाहीची लांबी मित्राकडून मोजून घे, हात किंचित वाकवून, मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत. येत्या रविवारी पहिली मेणबत्ती लावशील तेव्हा कळव. रंग विचारत नाही, लोकर आणून झाली आहे. पार्सलमध्ये बाबांचं गाढव येईल, दोन्ही कान शाबूत असलेलं. तुझं मोडकं टाकून देऊ नकोस, तेही गोठ्यात राहू दे, बैलाच्या मागे.

तुझी,
आई