पाकीट तेवढंच, तेल मात्र कमी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सोयाबीन तेलाचं पाकीट न सांगता ९१० ग्रॅमवरून (म्हणजे १ लिटरवरून) ८०० ग्रॅमवर आणल्याबद्दल आणि १ लिटरचं पाकीट दुकानात मिळत नसल्याबद्दल

नमस्कार,

मी नागपूरला मानेवाड्यात राहते. ११ वर्षांपासून आमच्या घरी तुमचंच तेल येतं. आम्ही ५ जण, महिन्याला १ लिटरची ५ पाकिटं, हा हिशोब ठरलेला आहे. मागच्या महिन्यात २६ तारखेलाच तेल संपलं. महिनाअखेरीला हातात पैसे नसतात, चिडचिड झाली आणि मी सासूबाईंना बोलली की आजकाल फोडणीला तुमचा हात सैल झाला का. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी गोळाभातावर (डाळीचे गोळे घातलेल्या भातावर) तेल घेणं बंद केलं, कोरडाच खाऊन राहिल्या होत्या. वरून गरम तेलाची फोडणी नसेल तर गोळाभात घशाखाली उतरतो का, तुम्हीच सांगा.

चूक त्यांची नव्हतीच. तुमच्या जुन्या रिकाम्या पाकिटात मी कढीपत्त्याचं रोप लावलं होतं, त्याला पाणी घालताना ९१० ग्रॅम दिसलं, म्हणून नवं पाकीट उलटून पाहिलं तर ८०० ग्रॅम! रंग तोच, चित्र तेच, उंची तीच, आणि वजन मागे जोडाजवळ बारीक अक्षरात. किंमत १४८ ची १४२ केलेली, त्यामुळे मला वाटलं ६ रुपयांनी स्वस्त झालं, मी तर शेजारच्या वहिनींनाही घेऊन ठेवायला सांगितलं. कागदावर मांडलं तेव्हा कळलं की आधी किलोला जवळपास १६३ रुपये पडत होते आणि आता १७७ रुपये ५० पैसे. नियमाप्रमाणे तुम्ही युनिट सेल प्राईस, म्हणजे एका मापाचा भाव, छापता हे खरं, पण पाकीट किलोच्या आतलं असल्यामुळे ती ग्रॅमवर असते, म्हणजे आधी ०.१६ रुपये आणि आता ०.१८ रुपये. दुकानात गर्दीत उभं राहून या २ पैशांवरून कोणती बाई ओळखेल की किलोमागे साडेचौदा रुपये वाढले?

दुसरी गोष्ट, पोळ्याच्या आधीपासून १ लिटरचं पाकीट येतच नाही. किराणावाले भाऊ म्हणतात कंपनीकडूनच माल नाही, घ्यायचं तर हे ८०० वालं नाहीतर ५ लिटरचा कॅन. महालक्ष्म्यांच्या वेळी तर ८०० वालंही नव्हतं, मी सक्करदऱ्यापासून इतवारीपर्यंत ४ दुकानं फिरली. कॅनचे पैसे एकदम कुठून काढायचे, ज्यांचा पगार आठवड्याला होतो त्यांनी काय करावं? तुमच्या कस्टमर केअरला फोन केला तर मागणी जास्त आहे, एवढंच उत्तर.

भाव वाढतात हे मला समजत नाही असं नाही. आपल्या देशात निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची मूळ कस्टम ड्युटी शून्यावरून २० टक्के केली तेव्हा भाव चढला, आम्ही तळण कमी केलं, भजी-पुऱ्या सणापुरत्या ठेवल्या, पण ब्रँड बदलला नाही. मग मे २०२५ च्या शेवटी तीच ड्युटी १० टक्क्यांवर आली, तेव्हा तुम्ही किती कमी केले ते मला लेखी सांगा. माझा भाऊ उमरेडकडे सोयाबीन पिकवतो, २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि त्याच्या हातात क्विंटलला ४१०० आले. त्याला कमी, आम्हाला जास्त, मग मधले पैसे जातात कुठे?

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईट गोष्टींचे पुतळे मिरवतात तेव्हा, आमच्याकडे ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात, त्यात महागाई दरवर्षी असतेच. महागाईशी कसं भागवायचं ते आम्हाला येतं, पण त्यासाठी माप खरं पाहिजे. १० रुपये वाढवायचे तर उघड वाढवा, मी त्याप्रमाणे महिना बसवीन.

मला तुमच्याकडून हे पाहिजे: वजन समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापा, त्याच्या बाजूला किलोचा भाव टाका, आणि १ लिटरचं पाकीट नागपूरच्या दुकानांत परत कधी येणार ती तारीख कळवा. दोन्ही पाकिटांचे आणि बिलांचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे.

सासूबाईंची मी माफी मागितली. त्या अजूनही तेलाची बरणी उजेडात धरून पाहतात आणि मगच वाढून घेतात.

तुमची ११ वर्षांची ग्राहक,
मानेवाडा, नागपूर