आमच्या पोळीवाल्या मावशींच्या मुलाला, डेअरडेव्हिल अंक २२७ साठी

अरे, तुला तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "काय काका तुम्ही पण" म्हणत चपला घालून पळतोस, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय. फोनला बोलून टाइप करतोय, तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर समजून घे.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. माझी नजर काचबिंदूने गेली. आधी कडेकडेची गेली, मग बोगद्यातून बघतोय असं व्हायला लागलं, आणि आता उजेड आहे का अंधार एवढंच कळतं. कॉलेजला असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेले डेअरडेव्हिल या आंधळ्या सुपरहिरोच्या कॉमिकचे तीन सुटे अंक माझ्याकडे आहेत, २२७, २२८ आणि २२९, १९८६ चे. गोष्ट फ्रँक मिलरची, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. कादंबऱ्या काय, फोन वाचून दाखवतो, पण कॉमिक कोण वाचून दाखवणार? आणि मला नेमकं तेच हवं होतं.

एका संस्थेत वाचून दाखवतात म्हणून कळलं, तिथे अंक घेऊन गेलो. बाईंचा आवाज छान, इंग्लिश एकदम फाडफाड, पण त्यांनी नुसते संवादांचे फुगे वाचले आणि वीस मिनिटांत अंक मिटून माझ्या हातात दिला. चित्रात काय आहे विचारलं तर म्हणाल्या "तो उभा आहे". पुढच्या वेळी एक गृहस्थ होते, ते म्हणाले चित्रांचं सोडा हो, गोष्ट कळली ना. नाही कळली. या अंकात गोष्ट चित्रांतच आहे, ती सोडून उरतं काय? आणि वर भेटेल तो मला सांगणार, तुम्हीच आमचे डेअरडेव्हिल, तोही आंधळाच ना. त्याला रडार दिलंय लिहिणाऱ्यांनी, तो छपरांवरून उड्या मारतो, आणि मला त्या दिवसांत स्वतःच्या घरात दाराची कडी सापडत नव्हती. त्या एका वाक्याने मी किती वेळा रात्रभर जागा राहिलोय ते कुणाला माहीत नाही.

तू ते वाक्य एकदाही बोलला नाहीस.

आई पोळ्या करेपर्यंत तू हॉलमध्ये बसायचास, बारावीचं पुस्तक घेऊन. एक दिवस तूच विचारलंस, काका हे काय आहे, बघू का. मग म्हणालास "इंग्लिश मला पटापट नाही येत, चालेल ना". तू एकेक शब्द जुळवत वाचायचास, आणि अडलास की चित्र बघायचास, आणि जे दिसतंय ते सांगायचास. तुला काय वाटलं ते नाही, काय काढलंय ते. "हा जाडा माणूस चौकटीत मावतच नाहीये काका, खांदे बाहेर गेलेत, मागे सगळं काळं." बरोबर, किंगपिन, म्हणजे गोष्टीतला गुन्हेगारांचा म्होरक्या, असाच आहे, मला एका वाक्यात परत दिसला तो.

आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांना सांगतो, काय विलक्षण गोष्ट आहे ही. मॅट मर्डॉकची जुनी प्रेयसी कॅरन, ड्रग्जच्या एका डोससाठी ती त्याचं गुपित विकते, की हा वकील म्हणजेच डेअरडेव्हिल. ते नाव हातोहाती होत किंगपिनकडे येतं. आणि तो काय करतो? गुंड पाठवत नाही लगेच. मॅटच्या घराचं कर्ज, बँकेतलं खातं, वकिली, एकेक करून काढून घेतो. म्हणजे सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये माणसाची वाट लागते ती टपालाने आलेल्या कागदांनी, आणि मॅट वेड लागल्यासारखा शोधतोय की हे करतंय कोण. शेवटी घरच उडवून देतात आणि ढिगाऱ्यात त्याला स्वतःचाच डेअरडेव्हिलचा पोशाख सापडतो, तेव्हा त्याला कळतं हे काम कुणाचं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. ज्या चौकटीत फुगा नाही तिथे आधीचे सगळे पान उलटून पुढे जायचे. तू थांबायचास. माझं बोट धरून चौकटीच्या कडेवरून फिरवायचास, आडवं, खाली, परत आडवं, वर. "एवढी आहे काका." आणि मग गप्प बसायचास. लहान चौकट असली तर थोडा वेळ, मोठी असली तर जास्त. पहिल्यांदा तू असं केलंस तेव्हा आतून लाटण्याचा आवाज येत होता आणि माझ्या बोटाखाली तो जुना खरखरीत कागद होता, आणि मला पान दिसलं रे. म्हणजे खरंच दिसलं, कुठे काय आहे, किती जागा आहे. दीड वर्षात पहिल्यांदा. तुला वाटलं मला शिंक येतेय, तू रुमाल आणायला उठलास.

हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. समोरच्या माणसाला काय कमी पडतंय ते बघायचं आणि तेवढंच द्यायचं, वर उपकार केल्याचा आवाज काढायचा नाही, हे आपल्याकडे भल्याभल्यांना जमत नाही. मावशींनी तुला घरात काय वळण लावलंय ते त्या एका तासात कळतं. मावशी, तुमचेही आभार, पोळ्यांचे वेगळे.

आणि अजून एक. २२९ सुरू केला तेव्हा तू एकदम मागचे दोन्ही अंक मागून घेतलेस, तिन्ही शेजारी ठेवलेस, आणि म्हणालास "काका, प्रत्येक अंकात सुरुवातीला हा झोपलेलाच आहे, आणि वरून काढलाय, पंख्यावरून बघितल्यासारखा. पहिल्यात मोठ्या पलंगावर ऐसपैस. दुसऱ्यात लॉजच्या खोलीत, पाय पोटाशी घेऊन. तिसऱ्यात गल्लीत, कचऱ्याजवळ. त्याची जागाच कमी होत चाललीये."

मी हे अंक धडधाकट डोळ्यांनी वीस वर्षं वाचले, किती वेळा ते मोजलं नाही, आणि हे मला दिसलं नव्हतं. तू दाखवलंस. त्या रात्री मी तिन्ही अंक अंथरुणात घेऊन बसलो होतो, त्या तीन पानांच्या कडांवरून बोट फिरवत.

२३० मागवला होता, परवा आलाय. स्टेपल थोडी गंजलीये असं हाताला लागतंय, पानं जपून उघडावी लागतील. मी उघडलेला नाही, बाईंच्या फाडफाड इंग्लिशमध्ये तर मुळीच ऐकायचा नाहीये. पिशवीतून न काढता कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलाय. तुझा शेवटचा पेपर झाला की ये.