ज्यांची नावं कुठे छापली जात नाहीत

डिझाइन शिकताना मोठी नावं आपोआप पाठ होतात. १९५९ची फोक्सवॅगनची जाहिरात बघा: जवळपास सगळं पान मोकळं आणि एका कोपऱ्यात इवलीशी गाडी. तिचं श्रेय अमेरिकेतल्या बिल बर्नबाख या जाहिरातकाराच्या एजन्सीला मिळालं, ते रास्तच आहे. मला आज आभार मानायचेत ते दुसऱ्याच माणसांचे.

छापखान्यातल्या काकांनी हातात भिंग देऊन एका पत्रकातल्या बारीक अक्षरांच्या कडेची निळी-गुलाबी झाक दाखवली. छपाईच्या चार शाया एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत की ती दिसते. “बारीक मजकूर चार रंगांत नको, नुसत्या काळ्यात ठेव,” एवढंच म्हणाले. टायपोग्राफीच्या, म्हणजे अक्षरांच्या मांडणीच्या, अख्ख्या सत्रात हे कुणी सांगितलं नव्हतं!

एका सीनियर ताईने पोस्टर उलटं धरायला शिकवलं. वाचणं थांबलं की अक्षरांमधल्या फटी दिसायला लागतात. रोमन लिपीतला गोल ‘ओ’ सपाट ‘एच’पेक्षा किंचित उंच काढलेला असतो, म्हणूनच दोन्ही सारख्याच उंचीचे दिसतात, ही गंमतही तिचीच.

आणि चित्रांच्या वर्गात तासन्‌तास न हलता बसणाऱ्या मावशी, तुमचेही मनापासून आभार. माझ्या चित्रांतले हात आता हातांसारखे दिसतात. बोटांचं अजून बघू.