रोझाच्या वाटण्या

बर्लिन

ती. मामा,
सा. न. वि. वि.

रोझा लक्झेंबर्गच्या, म्हणजे 1919 साली इथे मारल्या गेलेल्या समाजवादी क्रांतिकारक बाईच्या, समाधीचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकले होते. त्यावर तुमचा ‘लाल सलाम’ आला, आईचं ‘ही कोण बाई, आणि एवढ्या थंडीत कशाला गेलीस?’ आलं, आणि दादाने ‘याच लोकांनी कोट्यवधी माणसं मारली’ अशी काडी टाकली. ती अजून धुमसते आहे असं मामींनी सांगितलं. फोनवर तुम्हा दोघांना आवरणं मला जमत नाही, म्हणून पत्र. दादालाही वाचायला द्या.

आधी जागेबद्दल. पूर्व बर्लिनच्या एका टोकाला फ्रीड्रिक्सफेल्डचं कब्रस्तान आहे. दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे रोझा आणि तिचा साथीदार कार्ल लीब्कनेख्त यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. फाटकाबाहेर पत्रकं वाटणारे, पुस्तकं मांडून बसलेले, कार्नेशनची लाल फुलं विकणारे. आत गोल भिंत, मधोमध उंच दगड आणि त्यावर ‘मृत आम्हाला बजावत आहेत’ एवढीच ओळ. त्याच्याभोवती जमिनीत बसवलेल्या दहा फरश्या. रोझाची फरशी फुलांखाली अशी बुडाली होती की नाव वाचायला फुलं बाजूला सारावी लागली. तिथून थोड्याच पावलांवर पूर्व जर्मनीचा नेता वाल्टर उल्ब्रिख्त याची फरशी. 1961 साली बर्लिनची भिंत याच्याच कारकिर्दीत उभी राहिली. शेजार कोणाचा मिळावा हे मेल्यावर आपल्या हातात नसतं म्हणा.

आणि रोझा त्या फरशीखाली नाहीच. तिचं मूळ थडगं याच कब्रस्तानात मागच्या बाजूला होतं. 1926 साली मीस फान डेर रोह या वास्तुरचनाकाराने तिथे विटांचं मोठं स्मारक बांधलं, ते 1935 साली नाझींनी पाडलं. पुढे 1951 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने नवं स्मारक केलं ते पुढच्या बाजूला. 2009 साली इथल्या शारिटे रुग्णालयाच्या न्यायवैद्यक विभागाच्या प्रमुखाने तळघरातला एक जुना, शीर नसलेला देह तिचा असू शकतो असं जाहीर केलं आणि पेपरांना काही दिवस काम मिळालं. सिद्ध काहीच झालं नाही.

मिरवणुकीत मला काय दिसलं सांगू? एक म्हातारे गृहस्थ स्टॅलिनचं चित्र काठीला लावून चालले होते. रोझाच्या समाधीकडे, स्टॅलिनचं चित्र! मामा, तुम्हाला ठाऊक असेलच, 1931 साली याच स्टॅलिनने पत्र लिहून तिचे विचार मोडीत काढले आणि तिथून पुढे ‘लक्झेंबर्गवाद’ ही कम्युनिस्ट पक्षात शिवी झाली. तिच्या जुन्या पोलिश साथीदारांपैकी कितीतरी जण मॉस्कोत गोळी खाऊन मेले आणि 1938 साली त्यांचा पक्षच बरखास्त केला गेला. गोल भिंतीबाहेर 2006 साली बसवलेला एक छोटा दगड आहे, ‘स्टॅलिनवादाच्या बळींना’ एवढंच कोरलेलं. काही जण हातातलं एक फूल मुद्दाम तिथे ठेवतात. बरेच जण मान वळवून पुढे जातात. मी थोडा वेळ बाजूला उभी राहून फक्त तेवढंच पाहत होते.

तुम्ही आम्हाला लहानपणी रोझाची गोष्ट सांगायचात त्यात भांडवलदारांनी तिला मारलं असं असायचं. गोष्ट तेवढी सरळ नाही, उलट जास्त वाईट आहे. तेव्हा सत्तेवर सोशल डेमोक्रॅट होते, म्हणजे तिचाच जुना पक्ष. त्याच पक्षाच्या शाळेत ती अर्थशास्त्र शिकवायची. 4 ऑगस्ट 1914 ला त्या पक्षाच्या खासदारांनी युद्धखर्चाच्या बाजूने मतं दिली आणि तिची वाट वेगळी झाली. युद्धाचा बहुतेक काळ तिने तुरुंगात काढला. जानेवारी 1919 मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर उठाव झाला तेव्हा सरकारतर्फे तो मोडण्याचं काम गुस्टाफ नोस्केकडे होतं, तोही सोशल डेमोक्रॅटच. हाताशी फ्रायकोर, म्हणजे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या भाडोत्री पलटणी.

15 जानेवारीला तिला आणि लीब्कनेख्तला पकडून एडन हॉटेलात आणलं. तिथे वाल्डेमार पाब्स्ट नावाचा कॅप्टन होता. हॉटेलाबाहेर पडताना एका शिपायाने तिच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणला, मग गाडीत गोळी घातली आणि प्रेत लांडवेर कालव्यात टाकलं. जमावाने मारलं, असं जाहीर केलं. प्रेत वर आलं ते मेअखेरीस. खटला चालला तो त्याच पलटणीच्या लष्करी न्यायालयात. शिक्षा दोन-सव्वादोन वर्षांच्या, त्यातलाही एक लेफ्टनंट खोट्या कागदपत्रांवर हॉलंडला पळाला. पाब्स्टवर तर खटलाच झाला नाही. त्याने 1962 साली एका साप्ताहिकाला मुलाखत देऊन ‘होय, मीच मारायला लावलं’ असं सांगितलं, आणि 1970 साली तो म्हातारा होऊन घरी मेला. इथल्या डाव्यांच्या दोन पक्षांमध्ये शंभर वर्षांनंतरही जो आकस आहे, त्याचं मूळ त्या कालव्यात आहे. सोशल डेमोक्रॅटांपुढे नोस्केचं नाव काढलं की अजूनही लोक विषय बदलतात.

आता दादासाठी. कोट्यवधी माणसं रोझाच्या खात्यावर टाकू नकोस. तिच्या हाती सत्ता एक दिवसही आली नाही. रशियातली क्रांती झाली तेव्हा ती तुरुंगात होती आणि तिथूनच, 1918 मध्ये, तिने लेनिनच्या बोल्शेविकांवर टीका लिहिली: संविधानसभा बरखास्त केली, वर्तमानपत्रं बंद केली, सभा बंद केल्या, अशाने सार्वजनिक जीवन मरतं आणि नोकरशाही तेवढी जिवंत राहते. त्याच हस्तलिखिताच्या समासात तिने ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं, की स्वातंत्र्य म्हणजे नेहमी वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. हे लिखाण ती गेल्यानंतर 1922 साली छापलं गेलं. लेनिनने तिच्या चुकांची यादी दिली आणि तरीही ती गरुड होती असं म्हटलं. पूर्व जर्मनी दर जानेवारीला तिच्या नावाने मिरवणूक काढत होती, पण हे लिखाण तिथल्या समग्र वाङ्मयात आलं ते 1974 साली.

खरी मौज पुढे आहे. 17 जानेवारी 1988 ला पूर्व बर्लिनमधले काही विरोधक त्या सरकारी मिरवणुकीत रोझाचंच वाक्य लिहिलेले फलक घेऊन निघाले. पोलिसांनी शंभराहून अधिक जणांना धरलं, काहींना पुढे देशाबाहेर घालवलं. रोझाच्या मिरवणुकीत रोझाचं वाक्य नेलं म्हणून अटक! दादा, हा किस्सा तुझ्या बाजूचा आहे, घे.

पण मामा, म्हणून ती आजच्या अर्थाने उदारमतवादी होती असं इथले सुसंस्कृत लोक जे बोलतात, तेही मला पटत नाही. ते वाक्य छापलेले कॉफीचे मग आणि टी-शर्ट मिळतात. वाक्याच्या पुढचं-मागचं कोणी वाचत नाही. त्याच लिखाणाच्या शेवटी ती म्हणते की भविष्य बोल्शेविकांच्या मार्गाचंच आहे. ‘वेगळा विचार करणारा’ यात कारखानदार आणि सरंजामदार धरायचे का, यावर इतिहासकार अजून भांडतात. आणि रशियाची संविधानसभा मोडली म्हणून लेनिनला बोलणारी हीच बाई, दोन-तीन महिन्यांनी सुटून आल्यावर जर्मनीची राष्ट्रसभा, म्हणजे इथली संविधानसभाच, हा भांडवलदारांचा डाव असं ‘रोटे फाने’ या आपल्या वर्तमानपत्रात लिहू लागली. तिला सगळी सत्ता कामगार-सैनिकांच्या परिषदांकडे हवी होती. तुम्ही ही विसंगती फोनवर मान्य करत नाही. परिस्थिती बदलली होती म्हणता. दोन महिन्यांत एवढी?

पोलंडची बाजू तर आपल्याकडे कोणी ऐकलेलीच नसते. आमच्या ऑफिसात एक पोलिश बाई आहे. समाधीला गेले होते म्हटल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला. रोझा जन्मली रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, झामोश्चला, 1871 साली, ज्यू घरात. आणि आयुष्यभर पोलंडच्या स्वातंत्र्याच्या मागणीला विरोध करत राहिली. राष्ट्र हा कामगारांना फसवण्याचा सापळा आहे, रशियन आणि पोलिश कामगारांनी एकत्र लढावं, असं तिचं म्हणणं. 2018 साली झामोश्चमधली तिच्या नावाची पाटी सरकारने कम्युनिस्ट खुणा पुसण्याच्या कायद्याखाली काढली. ‘तुमचा देश दीडशे वर्षं पारतंत्र्यात होता ना? मग तुमच्याकडे कोणी असं म्हटलं असतं तर त्याचा पुतळा उभारला असता?’ असं त्या बाईने विचारलं. मला पटकन उत्तर सुचलं नाही. इंग्रजांनी आपल्याकडची गावांची सामाईक जमीनव्यवस्था कशी मोडली यावर रोझाने 1913 सालीच लिहून ठेवलंय हे मी सांगितलं, पण प्रश्न तो नव्हता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मला जे वाटतं ते असं. ती सत्तेवर यायच्या आधी मारली गेली, त्यामुळे तिचा जमाखर्च कोरा राहिला आणि ज्याने त्याने त्यात आपल्या सोयीचा आकडा भरला. पूर्वेने हुतात्मा घेतली, वाक्य टाकलं. पश्चिमेने वाक्य घेतलं, क्रांती टाकली. 1974 साली पश्चिम जर्मनीने थोर जर्मन स्त्रियांच्या मालिकेत तिचं तिकीट काढलं तेव्हा तिकडेही ओरड झालीच. ज्या चौकाला तिचं नाव आहे तो आधी ब्यूलोव्ह चौक होता, नाझींनी त्याला होर्स्ट वेसेल या आपल्या हुतात्म्याचं नाव दिलं, युद्धानंतर तो लीब्कनेख्तचा झाला, 1947 पासून हिचा. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमधली नावं धडाधड बदलली, लेनिनचा पुतळा उतरवून जंगलात पुरला, रोझाची मैत्रीण क्लारा झेटकिन हिच्या नावाचा मध्यवस्तीतला रस्ताही गेला. रोझाला मात्र कोणी हात लावला नाही. मारलं गेल्याचा हा एवढाच फायदा.

त्या चौकात मला आवडलेलं काम आहे. हान्स हाके या कलावंताने 2006 साली तिथल्या फुटपाथांवर आणि रस्त्यात साठ काळपट पट्ट्या बसवल्या, प्रत्येकीत धातूच्या अक्षरांत रोझाचं काही ना काही. राजकीय वाक्यं आहेत तशी खाजगी पत्रांतलीही, आणि एकमेकांशी न जुळणारी. कुठून वाचायला सुरुवात करायची ते ठरलेलं नाही. एका पट्टीवर कोणीतरी सायकल लावली होती, चाकाआडून अर्धंच वाक्य दिसत होतं. मी मालकाची वाट पाहिली, पण पाऊस आला.

पुतळे-पाट्या पुरे. तुम्हाला एकच विचारायचं आहे आणि फिरवाफिरवी न करता उत्तर हवं. 1918 च्या शेवटच्या दिवसांत जर्मन कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, त्या अधिवेशनात प्रश्न आला की राष्ट्रसभेच्या निवडणुका लढवायच्या की त्यांवर बहिष्कार टाकायचा. राष्ट्रसभेवर एवढी टीका करणारी रोझा तिथे म्हणाली, लढवा, लोकांपर्यंत जायचा तोच रस्ता आहे. तरुण पोरं बंदुकांच्या नादात होती. मतं पडली 62 विरुद्ध 23, रोझा हरली. पक्षाचा निर्णय म्हणून तिने तो मानला. पुढच्याच आठवड्यात उठाव पेटला, तिला त्यात फारशी आशा नव्हती असं जवळचे लोक सांगतात, तरीही ती आपल्या पेपरात आगीत तेल ओतत राहिली. निवडणूक झाली 19 जानेवारीला. जर्मनीतल्या बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं तो दिवस. तिला जाऊन चार दिवस झाले होते.

तर मामा, त्या अधिवेशनात तुम्ही 62 मध्ये बसला असतात की 23 मध्ये? आणि हरल्यावर काय केलं असतंत? पक्षात असताना तुमच्यावर अशी वेळ आली होती हे मला आईकडून अर्धवट कळलंय. पूर्ण तुम्ही लिहा. दादाचं उत्तर ‘मी पक्षातच गेलो नसतो’ असं येणार, तेव्हा त्याने तसदी घेऊ नये.

मामींना नमस्कार. आईला सांगा की लोकरी मोजे दोन जोड घालून गेले होते आणि सर्दी झालेली नाही.

तुमची,
मनू